मेमरीची पट्टी

धाकटी बहीण घरी बसून इमारतींचे नकाशे काढायची. हल्ली मोठा नकाशा उघडला, की तिच्या लॅपटॉपचा पडदा निळा पडून तो बंद व्हायचा. हातचं काम पुन्हा गेलं, तेव्हा ती रडकुंडीला आली.

"तुला मशीन वापरायची अक्कल नाही," दादा दारातूनच म्हणाला. "कोंबशील तेवढं कोंबतेस त्यात."

ती दातओठ खात कामाला लागली. तिने लॅपटॉपच्या पंख्यातली धूळ काढली, सगळी सिस्टिम नव्याने टाकली, तरी रडगाणं तेच. शेवटी मेमरीची चाचणी लावली, तर पडद्यावर चुकांची रांगच लागली. दोनच महिन्यांपूर्वी तिने स्वतः नवीकोरी मेमरी बसवली होती, ती इतक्यात कशी बिघडली? तिने मागचं झाकण उघडलं. तिने बसवलेली पट्टी आत नव्हतीच. कुठली तरी जुनी, कोपरा झिजलेली पट्टी होती. लॅपटॉप उघडणारं घरात दुसरं कोण, दादाच.

ती पट्टी उपसून, स्क्रूड्रायव्हर घेऊन धाकटी तडक दादाच्या खोलीत गेली.

"माझी मेमरी तू काढलीस?"

"माझा लॅपटॉप सारखा अडकत होता," तो मान वर न करता म्हणाला. "तुझ्या चित्रांना काय, कसलीही चालते."

"आणि वर मलाच अक्कल शिकवत होतास!"

"आवाज खाली. माझं काम चाललंय."

तिने त्याचा लॅपटॉप खसकन ओढला, बंद केला आणि पालथा घातला. तो तिचा हात धरायला उठला, पण तिची नजर पाहून जागीच थबकला. तिने झाकण उघडून आपली पट्टी काढून घेतली आणि जुनी त्याच्या पुढ्यात भिरकावली.

पट्टी परत बसवल्यावर तिचा लॅपटॉप पुन्हा बंद पडला नाही. धाकटी मात्र खोलीला कुलूप लावू लागली, आणि दादाशी बोलणं तिने टाकलं ते टाकलंच.