अठरा तारखेची कवळी

माणूस नवा फोन घ्यायला जातो तेव्हा दुकानातला सगळ्यात महागाचा आधी हातात घेऊन बघतो. दात घ्यायला आला की मात्र पहिला प्रश्न ठरलेला, "सगळ्यात स्वस्त कुठले?" बत्तीस वर्षं मी कवळ्या करतोय आणि बत्तीस वर्षं या प्रश्नानं माझं डोकं फिरतंय. तसा मला तो थेट कोणी विचारत नाही. मी पेशंटसमोर जातच नाही. पुढे दवाखाना, मधे लाकडी फळ्यांची आडभिंत, आणि मागच्या खोलीत मी, माझं मेण, शेगडी आणि पॉलिशचं मशीन. डॉक्टरीणबाई तोंडाचं माप घेतात, त्यात प्लास्टर ओतून साचा करतात, आणि तो साचा डबीतून चिठ्ठीसकट माझ्या टेबलावर येतो. चिठ्ठीवर नाव नसतं, नंबर असतो. ही बाईंचीच पद्धत. इथं सगळे एकमेकांना ओळखतात, कोणाच्या तोंडात काय आहे हे कोणाला कळायला नको, असं त्यांचं म्हणणं.

चार तारखेला सत्तेचाळीस नंबरची डबी आली. चिठ्ठीवर बाईंचं अक्षर: "वर एकही दात नाही, खाली पाच शिल्लक. दोन्हीकडे साधी कवळी. अठराच्या आत हवीच." हवीच या शब्दाखाली दोन रेघा. मी साचा उचलला, दिव्याखाली धरला आणि तसाच धरून बसलो. खालच्या डाव्या सुळ्याचा कोपरा उडालेला होता, तिरका, कापल्यासारखा.

तो कोपरा मी उडवलाय. मी आठ वर्षांचा होतो, दादा अकराचा. भोवरा त्याचा, आणि तो मला देईना. शेवटी हातात आला तेव्हा मी तो जमिनीवर फिरवायच्या ऐवजी त्याच्या तोंडावर फेकला. रक्त बघून माझी बोबडी वळली. दादानं तोंड धुतलं आणि आईला सांगितलं, पायरीवर पडलो. धडपड्या म्हणून वर आणखी दोन धपाटे खाल्ले. माझं नाव त्यानं आजतागायत घेतलेलं नाही.

त्या दादाशी माझं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. कारण ऐकाल तर हसाल. कारणही कवळीच.

आमच्या बाबांचे दात गेले तेव्हा घरात सगळे म्हणाले, आपल्या घरातच कारागीर आहे, आता काय चिंता! लोकांचं काम करताना मी एकेक दात पारखून लावायचो. घरचं काम म्हटल्यावर हात सैल पडला. कवळ्या करताना दातांचे सेट सुटे करावे लागतात, उरलेले दात एका खणात जमतात. मी बाबांना त्या खणातले दात लावले. दोन थोडे पिवळे, बाकीचे पांढरे. घरचंच तर आहे, कोण बघतंय, असा हिशेब. चार दिवसांत कवळी करून दिली. ती त्यांना टोचायची. मी दोनदा घासून दिली, तिसऱ्यांदा म्हणालो, सवय होईल. बाबा भिडस्त माणूस. पुन्हा काही बोलले नाहीत. चारचौघांत कवळी घालायचे, जेवायला बसताना काढून रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि पाव दुधात भिजवून खायचे. ते गेले तेव्हा दादानं तो रुमाल खिशातून काढला आणि सगळ्या नातेवाइकांसमोर माझ्या हातात ठेवला. म्हणाला, "घे. तुझी स्वस्तातली."

तेवढंच बोलला. मी तिथून उठलो तो आजपर्यंत त्याच्या दारात गेलो नाही. राग त्याचा आला की माझाच आला, तेव्हा कळलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला सांगणार?

साचा हातात घेऊन मी बाईंकडे गेलो. "हा सत्तेचाळीस कोण?"

"का हो काका? तुम्ही कधी विचारत नाही."

"माप जरा अवघड आहे," मी ठोकून दिलं.

बाई म्हणाल्या, "छापखान्यात होते, आता निवृत्त आहेत. एकटेच असतात. तोंडावर रुमाल धरून बोलतात. मी त्यांना सगळं समजावलं. हाडात स्क्रू बसवून पक्के दात केले तर ते साधीच्या वीसपट जातात आणि त्याला सहा महिने लागतात. त्याखालोखाल धातूच्या पत्र्यावरची कवळी, ती साधीच्या चौपट. पातळ असते, टाळूला जड वाटत नाही, वर्षानुवर्षं टिकते. आणि साधी प्लास्टिकची, जरा जाड, पण लवकर होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, स्क्रूच्या पैशात माझी मुलगी चार वेळा घरी येऊन जाईल, साधीच द्या. मुलगी चार वर्षांनी येतेय, एकोणीसला. चोवीसला परत जाणार. दात काढल्यापासून त्यांनी तिला फोनवर तोंड दाखवलेलं नाही. नुसतं ऐकू येईल असंच बोलतात. म्हणाले, तिच्यासमोर बोळकं घेऊन कसा बसू?"

ती मुलगी माझी पुतणी. मी तिला खांद्यावर बसवून फिरवलंय.

मी म्हणालो, "बाई, यांना पत्र्यावरची करू. वरचा फरक माझ्याकडे. त्यांना सांगायचं नाही."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ओळखीचे आहेत?"

"आहेत."

"तारखेचं काय? पत्रा बाहेरून ओतून यायला दहा दिवस जातात."

"होतंय," मी म्हणालो.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. वाटलं होतं ती खूश होईल. ती भांडी पुसत होती, पुसायची थांबली नाही. म्हणाली, "त्यांनी साधी मागितलीय ना? मग साधी करा आणि वेळेवर द्या."

"त्यानं मला काय ऐकवलं होतं, आठवतंय ना?"

"मला आठवतंय. तुम्ही कवळी त्यांच्यासाठी करताय की त्या बोलण्यासाठी, एवढंच विचारते."

बायको असं काही बोलली की मी चिडतो. तसाच चिडलो आणि न जेवता झोपलो.

पत्रा चौदा तारखेला आला. साच्यावर बसवला तर डुगडुगला. ओतताना कुठेतरी ओढला गेला होता. असं होतं, दहातल्या एकाचं होतंच. अजून चार दिवस हातात होते आणि साधी कवळी चार दिवसांत होते. मी बाबांची केली होती की! मेण तयार होतं, दात तयार होते. बायकोनं तर सोपी युक्ती सांगितली. "आत्ता साधी द्या. ही पुढच्या महिन्यात द्या. दोन झाल्या तर काय आभाळ कोसळतंय?"

काही कोसळत नव्हतं. पण माझ्या डोक्यात एकच बसलं होतं. अकरा वर्षांनी दादा माझ्या हातची वस्तू तोंडात घालणार, आणि ती पुन्हा साधी? पुन्हा स्वस्तातली? मी पत्रा परत पाठवला. चूक कळून केली, हे मी कबूल करतो. नकळत झाली असं म्हणायला मला तोंड नाही.

सतरा तारखेला बाईंनी आडभिंतीवर टकटक केली. "काका, सत्तेचाळीस नंबर येऊन बसलेत."

"उद्या," मी आतून म्हणालो.

अठराला पुन्हा टकटक. मी म्हणालो, परवा नक्की. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग दार बंद झालं. बाई आत आल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "नुसती मान हलवली आणि गेले."

दुसरा पत्रा घाई करूनही बावीसलाच आला. हा चपखल बसला. त्यावर मी जे काम केलं तसं आयुष्यात केलं नव्हतं. बाईंनी टिपून दिलेल्या खालच्या पाच दातांच्या रंगाशी रंगाच्या पट्टीवर तासभर ताडून बघितलं. हिरड्यांना खऱ्यासारखी उतरण दिली. पॉलिश तीनदा केलं. चोवीसला संध्याकाळी कवळी पाण्याच्या डबीत ठेवली तेव्हा मला आनंद झाला होता. खोटं कशाला सांगू? वरातीमागून घोडं, पण घोडं देखणं होतं.

पंचवीसला सकाळी दादा आला. मी आडभिंतीमागे उभा राहिलो. दोन फळ्यांमधल्या फटीतून खुर्ची दिसते. अकरा वर्षांत तो वाळून निम्मा झाला होता. गाल आत गेलेले, मानेवरची कॉलर सैल. बाईंनी कवळी बसवली, चावून बघायला सांगितलं, दातांमधे कागद धरून कुठे जास्त लागतंय ते बघितलं. कुठेही घासावी लागली नाही. पहिल्या झटक्यात बसलेली कवळी मी बत्तीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच पाहिल्यात. बाईंनी हातात आरसा दिला. दादानं त्यात बराच वेळ बघितलं.

"छान आहे," तो म्हणाला. आवाज एकदम स्वच्छ, जुना.

"मुलगी गेली का?" बाईंनी हळूच विचारलं.

"काल गेली." आरसा त्यानं मांडीवर पालथा ठेवला. "पाच दिवस रुमाल धरून बसलो. ती टेबलावर जेवायची, मी नंतर स्वयंपाकघरात उभ्यानं उरकायचो. दात नाहीत हे तिला सांगायची लाज वाटली. पोरीला वाटलं मी रागावलोय. निघताना म्हणाली, बाबा, मी लांब गेले म्हणून एवढा राग? पाच दिवसांत माझ्याकडे बघून एकदा हसलासुद्धा नाहीत. मी नुसती मान हलवली. रडत गेली." मग तो म्हणाला, "साधी चालली असती हो मला."

मला तिथे उभं राहवेना. मी दार ढकलून पुढे गेलो. पेशंटच्या समोर मी कधी गेलो नव्हतो. हाताला पॉलिशची पांढरी पूड तशीच होती. दादानं मान वर केली. तो दचकला नाही.

"दादा, उशीर माझ्यामुळे झाला," मी म्हणालो. "मला तुला पत्र्यावरची करून द्यायची होती. महागातली. तुला न विचारता मी ठरवलं."

"कळलं मला. पातळ लागतेय."

"तुला माहीत होतं इथे मी काम करतो?"

"म्हणून तर आलो," दादा म्हणाला. "दुसरीकडे महिना सांगत होते. म्हटलं, तो करतो. बाबांची चार दिवसांत दिली होती त्यानं."

मी तिथेच स्टुलावर बसलो. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बाई उगाच ड्रॉवर उघडून काहीतरी शोधू लागल्या.

डोळे पुसून मी म्हणालो, "तिला फोन लाव. आत्ता लाव. तोंड दाखव तिला."

त्यानं फोन काढला, लावला, समोर धरला. रिंग वाजत राहिली. त्यानं केस नीट केले आणि हसून बघितलं, पडद्यावर त्याचं त्यालाच दिसत होतं तेवढं. दातांची ओळ सुरेख आली होती. रिंग थांबली. पुन्हा लावला, पुन्हा तसंच.

"प्रवासात असेल," मी म्हणालो.

"पोचली ती सकाळीच. आमच्या शेजारणीला मेसेज आलाय तिचा."

एवढं बोलून तो उठला. बाईंना पैसे दिले, साधीचेच, आधी ठरले होते तेवढे. मग वॉशबेसिनपाशी जाऊन त्यानं कवळी काढली, धुतली आणि रुमालात गुंडाळली.

"टोचतेय का?" मी विचारलं. "लगेच घासून देतो."

"नाही रे. अजिबात टोचत नाही," दादा म्हणाला. त्याचे गाल पुन्हा आत गेले होते. त्यानं रुमाल शर्टाच्या खिशात ठेवला आणि पायऱ्या उतरून गेला.