कस्तुरीची पट्टी

साबणाच्या कारखान्यात सगळे त्याला नाकवाले म्हणायचे. सुगंधाचा ड्रम तयार झाला की हा त्यात कागदाची पट्टी बुडवायचा आणि रात्रभर तशीच ठेवायचा. फुलंबिलं, लिंबूबिंबू सकाळपर्यंत उडून जातं. मागे राहते ती कस्तुरी. हरणाची नव्हे हो, कारखान्यात बनलेली, पांढऱ्या खड्यांची. कपडा धुवा, वाळवा, तरी ती हटत नाही. पट्टीवर ती असली तरच ड्रमवर याची सही.

आता खरं सांगायचं तर त्याला कस्तुरीचा वास कधी आलाच नाही. बाकी सगळे यायचे, तेवढा एकच नाही. असतात अशी माणसं. सव्वीस वर्षं तो पट्टी खिशातून घरी न्यायचा आणि सकाळी बायको चहा गाळता गाळता हुंगायची. "आहे," म्हणायची. नाहीतर, "विसरले हो तुमचे लोक." एकदाही चुकली नाही.

ती गेली. तीन आठवड्यांनी तो कामावर आला, तर ड्रम ढवळणारी बाई म्हणाली, "मास्तर, मधेच वीज गेली. खडे टाकले की राहिले, आठवेना. उद्या तुम्हीच सांगा."

सकाळी त्यानं पट्टी लेकीपुढे धरली.

"कोरा कागद आहे, बाबा."

उत्तर मिळालं म्हणून जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात शंका आली. त्यानं कपाटातली धुतलेली चादर काढली. बायको म्हणायची, हिचा कस्तुरीचा वास जाता जात नाही. "आणि हिला?"

"धुतलेल्या चादरीला कसला वास?"

संपलं. पोरगी बापावर गेली होती.

कारखान्यात मालक पेन पुढे करून उभा. "काय नाकवाले, आहे ना? गाडी खोळंबलीय."

हो म्हटलं तरी थाप, नाही म्हटलं तरी थाप. इतकी वर्षं जिच्या जिवावर खाल्लं, तिच्या माघारी ठोकून द्यायचं?

"मला येत नाही," तो म्हणाला. "कधीच येत नव्हता. घरची हुंगायची."

मालक खुर्चीत बसला. "सव्वीस वर्षं?"

"सव्वीस."

ड्रम ढवळणारी बाई बाजूलाच होती. तिनं त्याच्या हातातली पट्टी घेतली, डोळे मिटून हुंगली. "आहे, मास्तर. टाकले होते खडे."

"मग सही तूच कर," मालक म्हणाला. "आणि नाकवाले, उद्यापासून तुम्ही नुसती फुलं बघा."

त्यानं पेन बाईकडे दिलं. मग हळूच विचारलं, "कसा असतो गं तो? तिला कधी विचारलंच नाही मी."

बाईनं पट्टी पुन्हा एकदा हुंगली. "माणूस उठून गेल्यावर उशीला राहतो ना," ती म्हणाली, "तसा काहीसा."