फुलाबाईंच्या गळ्यातून निसटता निसटता

मी फुलाबाईंच्या गळ्यातली एक पेशी बोलतेय. दचकू नका, आता मी मेणात बंद आहे.

हिर्डोशीच्या फुलाबाईंच्या थायरॉईड ग्रंथीत माझा जन्म झाला. आम्हा पेशींच्या पोटात हजारो जनुकं असतात, म्हणजे कामाच्या सूचनाच. कोणती मोठ्यानं वाचायची, कोणती मिटून ठेवायची, त्यावर पेशीचं वळण ठरतं. ‘शेजारणीला धरून राहा’ ही माझी सर्वांत जुनी सूचना. वर्षानुवर्षं पाळली. नुसता वैताग!

मग ग्रंथीत कर्करोगाची गाठ झाली आणि मी त्या गाठीत सापडले. हळूहळू ती जुनी सूचना वाचलीच जाईना. पुसली गेली नव्हती, नुसती गप्प झाली होती. ‘वाट काढ, पुढं सरक’ म्हणणाऱ्या सूचना मात्र लाउडस्पीकर लावल्यासारख्या ओरडू लागल्या. माझी पकड सुटली. एक शेजारीण तर मानेच्या कडेच्या लसिकाग्रंथीपर्यंत पोचलीसुद्धा. माझा बेत थेट फुप्फुसांचा होता.

तेवढ्यात भोरच्या डॉक्टरांनी गाठीत सुई घालून तपासणी करायला सांगितली. मी हादरले. पण फुलाबाईंचे थोरले दीर आनंदराव माझ्या मदतीला धावले.

“सुई टोचली की गाठ चवताळती, अंगभर पसरती. भाताची लावणी हूं द्या, मग बघू.”

इतका भला माणूस मी पाहिला नाही! पसरायला मी सुईची वाट कशाला बघू? माझी जनुकं केव्हाची ओरडत होती. मला हवा होता फक्त वेळ, आणि तो आनंदराव देत होते.

फुलाबाईंची लेक शिवानी भडकली. “काका, ही डॉक्टरकी कुठं शिकला तुमी?”

“बारकी हायेस. गप बस.”

गप्प बसवलं की काय होतं, हे मला आतून ठाऊक होतं. मी निर्धास्त झाले.

थोरल्या दिरासमोर फुलाबाई तीस वर्षांत बोलल्या नव्हत्या. त्यांनी पदर सावरला आणि हिरव्या गोंदणानं भरलेला हात पुढं केला.

“भावजी, ह्याला किती सुया लागल्या असतील? मामंजींनीच गोंदणारीला बोलावली व्हती. तवा कुठं काय पसरलं?”

आनंदरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. “ती सुई येगळी.”

“व्हय. ती डॉक्टरची न्हवती.”

शिवानीला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मायलेकी भोरला. सुई झाली, पुण्यात ऑपरेशन झालं. थायरॉईडबरोबर मानेतली ती लसिकाग्रंथीही निघाली. फुप्फुसांचे फोटो स्वच्छ आले.

आता प्रयोगशाळेत मेणाच्या वडीतून माझे पातळ काप काढतात. कोणती जनुकं गप्प होती, कोणती बोंबलत होती, हे बघून कर्करोग पसरतो कसा ते शिकतात.

निरोप घेताना माझ्या भावकीला एवढंच सांगणं: आनंदरावांच्या भरवशावर राहू नका. मी राहिले, आणि फुलाबाईंना जमेत धरलंच नाही.