पहिला थेंब

"आजींना लिंबूसरबत आणू?" वेटरने क्रांतीला विचारले.

"सरबत हिला आण," शालूबाई म्हणाल्या. "हिला गाडी चालवायचीय. बीअर आमा दोघींना."

वेटरने एकदा त्यांच्या डोक्यावरच्या पदराकडे पाहिले, एकदा शेजारी बसलेल्या सुलाबाईंच्या हातभर गोंदणाकडे पाहिले आणि गुमान आत गेला. साताऱ्याच्या अलीकडे, हायवेला लागून ही जागा होती. काचेपलीकडे दूध संघात असतात तशा मोठ्या टाक्या. शालूबाईंनी आल्या आल्या त्या फिरून पाहिल्या होत्या. जव कुठे भिजवता, किती दिवस ठेवता, उतू जात नाही का, असे विचारून तिथल्या माणसाला भंडावून सोडले होते. चूल बघितल्याशिवाय कालवणाला नाव ठेवू नये, असे त्यांचे मत होते.

क्रांती त्यांची एकुलती लेक, विश्रामबागला कॉलेजात शिकवायची. आईला साठ वर्षे पुरी झाली म्हणून तिने विचारले, "गाणगापूरला जाऊया का अक्कलकोटला?" आई म्हणाली, "जिथं बीअर करत्यात तिथं. दोन दिवस. सुलाला बी घेऊ." क्रांती खो खो हसली. मग आई हसत नाही हे तिच्या ध्यानात आले.

हसण्यासारखे नव्हतेच ते. शालूबाईंचे मालक सुभेदार आकाराम मोहिते पलटणीतून घरी आले, कडेगावजवळच्या वाडीत त्यांनी चार खोल्या बांधल्या, आणि रोज संध्याकाळी सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, त्यांची पिण्याची बैठक भरू लागली. धाकटा भाऊ दादासो, आणखी दोघे-तिघे. शालूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड पाटावर बसलेल्या. शेंगदाणे भाज, पापड तळ, भाकरी गरम ठेव. बाहेर हसण्याचे लोट उठत. बायकोशी दिवसाकाठी "मीठ कमी हाय" आणि "म्हशीला पाणी दावलं का?" एवढेच बोलणारा माणूस गिलास हातात आला की तासतास बोलायचा. लडाखचं बर्फ, मद्रासी साहेब, मेलेले दोस्त. शालूबाईंना स्वतःच्या नवऱ्याची सगळी हकिकत दाराआडून कळली होती.

एकदा त्यांनी धीर करून विचारलेही होते, "कसं लागतं वो ते?"

"बायकांनी इचारायचं नसतं," सुभेदार म्हणाले. रागावून म्हणाले असते तर त्या विसरून गेल्या असत्या. ते अगदी मायेने म्हणाले, आणि तेच राहिले मनात. त्या गिलासात असे काय आहे, जे आपल्यात नाही?

सुभेदार जाऊन अकरा वर्षे झाली. लष्कराच्या कॅन्टीनचे कार्ड शालूबाईंच्या नावावर आले. दर महिन्याला साताऱ्याला जायचे, रांगेत उभे राहायचे, साबण, चहापत्ती आणि वाट्याच्या दारूच्या बाटल्या घ्यायच्या, बाटल्या जुन्या टॉवेलात गुंडाळून एसटीने घरी आणायच्या. त्यांनी चपला काढायच्या आत दादासो पिशवी हातातून घेई. बैठक चालूच होती, त्याच सोप्यात. फक्त सुभेदारांच्या खुर्चीत आता दादासो बसायचा. आणि शेंगदाणे अजून शालूबाईच भाजायच्या.

त्या रांगेतच सुलाबाई भेटल्या. माणच्या, दहिवडीकडच्या. नवरा बिराप्पा पलटणीत हवालदार होता, तोही गेलेला. दोघींच्या पिशव्या सारख्याच जड, त्यामुळे गट्टी जमायला वेळ लागला नाही.

वेटरने लाकडी फळी आणून ठेवली. फळीला भोके, भोकांत चार छोटे गिलास, चार रंगांचे. सुलाबाई उचलून तोंडाला लावणार, तोच शालूबाईंनी त्यांचा हात धरला.

"थांब. आदी द्याचं असतंय." त्यांनी बोट बुडवून एक थेंब बाहेर उडवला. सुभेदार रोज असेच करायचे, गेलेल्यांच्या नावाने. दाराच्या फटीतून पाहून पाहून त्यांना ते पाठ झाले होते. "घ्या सुभेदार," त्या म्हणाल्या, आणि प्यायल्या.

त्यांनी घोट जिभेवर घोळवून पाहिला.

"आंबील हाय की गं ही!" शालूबाई म्हणाल्या. "ताक-मीठ न घातलेली."

दुसरीला सुलाबाईंनी तोंड वाकडे केले. "कारल्याचं पानी! ह्येच्यासाठी लोकं मोटारी घिऊन येत्यात?"

तिसरी नुसताच फेस. चौथी काळीभोर होती. तिला करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा वास होता, आणि ती शालूबाईंना आवडली. त्यांनी ती सावकाश संपवली. पण ज्याची इतकी वर्षे वाट पाहिली ते काही त्यात सापडेना. "दुसऱ्या ठिकाणी बघू," त्या म्हणाल्या.

क्रांतीने दोघींचा गिलास उंचावलेला फोटो काढला. "स्टेटसला ठेवू? वाडीत सगळे बघतील हं."

"ठेव की. ताकाला जायचं आन् भांडं कशाला लपवायचं?"

दुसऱ्या दिवशी पाचगणीच्या घाटाखालच्या जागी त्या बसल्या न बसल्या, तोच दादासोचा फोन आला. क्रांतीने स्पीकर लावला.

"वयनी, ह्ये काय चालवलंय तुमी? सुभेदाराची बायकू तुमी! दादाच्या नावाला बट्टा लावला. आत्ताच्या आत्ता माघारी या. आन् कॅन्टीनचं कार्ड माझ्याकडं द्याचं. न्हाई दिलंसा, तर पुढच्या दारानं घरात याचं न्हाई!"

शालूबाईंनी ऐकून घेतले. "भावजी," त्या म्हणाल्या, "अकरा वर्सं बाटल्या मी वाह्यल्या. तवा बट्टा लागला न्हाई?"

"आणणं येगळं आन् पिणं येगळं!"

"मग आणायला बी दुसरं कुणीतरी बघा. कार्डावर फोटू माझा हाय." आणि त्यांनी फोन बंद करायला क्रांतीच्या हातात दिला.

सुलाबाईंनी त्यांचा हात धरला. "आमच्या हवालदाराचं सांगू? एकदा वाड्यावर मेंढरं मोजाया बसला. लय झाली हुती त्याला. धा येळा मोजली, धा येळा येक ज्यादा. समदी वस्ती जागी केली, चोरीचं मेंढरू आलं म्हनून. आन् ते ज्यादा मेंढरू म्हंजी घोंगडं पांघरून बसलेली माझी सासू!"

शालूबाईंना हसू फुटले. मग आवरेना. क्रांतीही टेबलावर डोके टेकून हसू लागली. एकीतून दुसरी, अशा गोष्टी निघत गेल्या. लग्नानंतरच्या पहिल्या रात्री सुभेदार बूट घालूनच झोपले होते, हे तर शालूबाईंनी आजवर कोणालाच सांगितले नव्हते. ऊन टेबलावरून खाली उतरले. मधेच आलेले गिलास अर्धे भरलेले तसेच राहिले. कोणाला त्यांची आठवणही नव्हती.

आणि शालूबाईंची नजर त्या अर्ध्या गिलासांवर पडली.

"काय गं?" सुलाबाईंनी विचारले.

"गिलासात कायसुदिक न्हवतं, सुला." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. "म्या आपली म्हनायची, काय जादू असंल त्यात. कायसुदिक न्हवतं. चार मानसं जवळ बसायची, एवढंच. मग मला हाक मारली असती तर काय झालं असतं गं? दोन पावलांवर तर हुते मी."

शालूबाईंनी पदराने तोंड खसाखसा पुसले, काळ्या बीअरची एक बाटली भरून घेतली, आणि उठल्या.

"गाडी काढ. दिवेलागणीच्या आत घरी जायचंय."

"मी बी येती," सुलाबाई म्हणाल्या. "बघू दे मला तुजा सोपा."

कराड मागे पडले. कडेगावच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांमागे क्रांती कासावीस झाली, पण शालूबाई शांत होत्या. घरासमोर गाडी थांबली तेव्हा सोप्यात दिवा लागला होता. दादासो सुभेदारांच्या खुर्चीत, समोर दोघे जण. शालूबाई पुढच्या दारानेच आत शिरल्या.

"उठा भावजी."

"दादाची खुर्ची हाय ही!"

"व्हय. आन् त्यांच्या मागं माझी. तुमी बी बसा की, कोण नको म्हनतंय? पर सतरंजीवर. आन् आत शेंगदानं हायत, तेवढं भाजून आना."

दोघे पाहुणे चपला शोधू लागले. दादासो उठला आणि त्यानेही पायांत चपला अडकवल्या. "लोकं काय म्हनतील?" तो बाहेर पडता पडता दारातून पुटपुटला.

"म्हनू दे. घराचा पत्ता त्यास्नी ठावं हाय, हितं यिऊन म्हना म्हनावं," शालूबाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. खुर्ची त्यांना थोडी मोठी होत होती.

क्रांतीने तीन फुलपात्री आणली. स्वतःच्या फुलपात्रात तिनेही बोटभर ओतून घेतली, आता गाडी चालवायची नव्हती. सुलाबाई सतरंजीवर पाय पसरून बसल्या. भिंतीवरून गणवेशातले सुभेदार बघत होते.

"दे, पयला थेंब त्यास्नी दे," सुलाबाई म्हणाल्या.

शालूबाईंनी बोट बुडवले. फोटोकडे पाहिले. "त्यांचा वाटा त्यास्नी लय मिळाला," त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड त्यांचा पाट भिंतीला टेकून उभा होता. मधोमध झिजलेला. शालूबाईंनी तिकडे मान वळवली आणि पहिला थेंब त्या पाटाच्या दिशेने उडवला.