खोत्सोची ऊब

डिसेबोने काचेच्या कपाटावरची गोधडी ओढली. काचेमागे काळोख होता. एरवी कुणी जवळ आलं की अजगर मान उचलायचा, जीभ काढून वास घ्यायचा. आज तो पाण्याच्या भांड्यापाशी वेटोळं करून पडलेला, निपचित. तिने काचेवर टकटक केली. "खोत्सो," तिने हाक मारली. सापाला ऐकू येत नाही, असं तिचा मुलगा तेफो नेहमी सांगायचा. तरी तिने पुन्हा हाक मारली.

मग तिची नजर खाली गेली. भिंतीतल्या सॉकेटमध्ये किटलीचा प्लग होता. लाल चिकटपट्टी गुंडाळलेला खोत्सोचा प्लग जमिनीवर पडला होता.

दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफॉन्टेनमध्ये जुलै म्हणजे ऐन थंडी. पहाटे अंगणातल्या नळातलं पाणी गोठून बसतं. आणि हा जीव रात्रभर दिव्याविना! बाई, बाई, काय करून ठेवलं मी हे, असं म्हणत ती खालीच बसली.

घडलं होतं ते इतकंच. काल संध्याकाळी भारनियमनाच्या ठरल्या वेळी वीज गेली. गेलेली वीज परत येते ती अंगात आल्यासारखी येते, टीव्ही, फ्रिज जाळून टाकते. म्हणून वीज गेली की सगळी गल्ली आपापले प्लग उपटून ठेवते. डिसेबोनेही उपटले. वीज आली आणि ती एकेक प्लग पुन्हा लावत होती, तेवढ्यात दारात मामोसाबाई. चर्चच्या महिला मंडळाच्या त्या प्रमुख, आणि घरात साप आला तसा त्यांनी हा उंबरठा सोडला होता. ज्या घरात साप पाळतात तिथे करणी राहते, असं त्यांनी चारचौघींत बोलूनही दाखवलं होतं. त्या आपण होऊन आल्या म्हटल्यावर डिसेबोची तारांबळ उडाली. त्यांच्या नजरेला साप पडू नये म्हणून कपाटावर गोधडी टाकली आणि मोकळं दिसलं त्या सॉकेटमध्ये किटली लावली. पाहुण्याला चहासाठी ताटकळत ठेवायचं, हे तिच्या माहेरी कुणी केलं नव्हतं.

साप तिचा नव्हताच. तेफोने तिचं चिनी मातीच्या भांड्यांचं काचेचं कपाट रिकामं करून त्यात हा संसार मांडला होता. एका बाजूला जाळीतला गरम दिवा, खाली उबदार चटई, दुसरी बाजू मुद्दाम गार, मधोमध ऊब आकड्यात दाखवणारा तापमापक. बघून तिचं डोकं फिरलं. एकतर हा या घरात राहील नाहीतर मी, असं ती म्हणाली होती. झालं काय, तर तेफोच घर सोडून केपटाउनला गेला आणि साप राहिला. तिथे त्याच्या खोलीमालकाला साप चालत नव्हता.

उंदीर खाऊ घालायला तेफोचा मित्र यायचा. डिसेबोकडे काम एवढंच, ऊब आणि उजेड. जन्मभर इस्पितळाच्या धुलाईत चादरींना इस्त्री केलेल्या बाईला त्यात अवघड काय? दर गुरुवारी, त्याच्या सुटीच्या दिवशी, तेफोचा फोन यायचा. "ऊब किती आहे?" ती आकडा सांगायची. "उजेड?" तेही ती सांगायची. मग फोन ठेवायचा. तू कशी आहेस, हे त्याने कधी विचारलं नाही. पण फोन यायचा. खोत्सो गेला तर तोही बंद होणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि आज गुरुवारच होता.

तिने घाईघाईने प्लग लावला. दिवा लागला, क्षणभर तांबूस उजेड पडला आणि वीज गेली. आज सकाळी वीज जायची पाळी आपल्याच भागाची, हे ती विसरली होती.

गॅसवर पाणी तापवून रबरी पिशवी ठेवावी? पण तेफोने बजावलं होतं, गरम वस्तू थेट लावायची नाही. सापाला चटका कळत नाही, तो तिथेच भाजत राहतो. मग काय लावायचं? कुठली वस्तू बेताची गरम असते?

मामोसाबाईंबरोबर प्रार्थनेला जायचं म्हणून तिने मंडळाचं लाल जाकीट चढवलं होतं. पांढरी कॉलर, पांढरी टोपी, सगळं कडक इस्त्रीचं. तिने जाकिटाची बटणं सोडली, डोळे मिटले आणि आजवर कधी शिवली नव्हती त्या जिवाला दोन्ही हातांनी उचललं. ओल्या दोरखंडासारखा जड आणि गार लागला तो. तिला शिसारी आली, रडूही आलं. तिने त्याला छातीशी धरलं आणि बटणं लावून टाकली.

फाटकातून मामोसाबाईंची हाक आली, "चल गं, उशीर होतोय."

डिसेबोने दार किलकिलं केलं. "तुम्ही व्हा पुढे. घरात आजारी आहे."

"कोण आजारी? एकटी तर असतेस."

"तेफोचं आहे," ती म्हणाली. "माझ्यावर सोपवलेलं."

मामोसाबाई दारापर्यंत आल्या आणि त्यांनी तिच्या फुगलेल्या जाकिटाकडे पाहिलं. कॉलरखालून शेपटीचं टोक बाहेर आलं होतं. त्या दोन पावलं मागे सरल्या. काल जुळलेलं आज तुटलं, असं डिसेबोला वाटलं. पण बाई म्हणाल्या, "दार लाव. वारा आत येतोय."

दार लावून ती खुर्चीत बसून राहिली. खोत्सोची हालचाल नाही. श्वास आहे की आपलंच काळीज धडधडतंय, तेही कळेना. तेवढ्यात फोन वाजला.

"ऊब किती आहे?"

नेहमीचा आकडा तिला तोंडपाठ होता. तो ओठांवर आलाही. "माझ्या अंगाएवढी," ती म्हणाली, आणि मग गोधडी, किटली, वीज, सगळं सांगून टाकलं. "चुकलं रे माझं."

आता तेफो फोन ठेवतो, आता ठेवतो, म्हणून ती वाट बघत राहिली.

"म्हणजे तू त्याला अंगाशी धरून बसली आहेस?" त्याने हळू विचारलं. "तू? आणि तुला गार नाही लागत, आई?"

त्याच वेळी बरगडीखाली काहीतरी सरकलं, अगदी सावकाश, आणि पुन्हा थांबलं.

"बोलत राहा," ती म्हणाली. "त्याला तुझा आवाज लागतो."

तेफो बोलत राहिला.