अभिप्रायासाठी सादर

गुणवंतच्या शेवटच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. 'शेवटच्या' हा शब्द लिहितानाही अडखळायला होतं, कारण गुणवंत आहे. गाझियाबादला मुलाच्या घरी, खिडकीला लागून ठेवलेल्या पलंगावर आहे. फक्त आता त्याला लिहिता येत नाही.

पत्र नवरात्राच्या सुमाराला आलं. निळं आंतर्देशीय, कडेपर्यंत भरलेलं. दिल्लीतली आमची द्वारका आणि गाझियाबाद मेट्रोने जोडलेली असताना दोन म्हातारे एकमेकांना पोस्टाने पत्रं पाठवतात याचं माझ्या मुलीला, उत्तराला, हसू येई. पण त्याचं कारण मी होतो. फोनवर मला बोलता येत नाही. पलीकडून 'हॅलो' आलं की माझी वाक्यं कुठेतरी निघून जातात. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही खालीवर राहत होतो तेव्हापासून गुणवंतला हे ठाऊक होतं. निवृत्तीनंतर तो मुलाकडे गेला आणि पहिल्याच आठवड्यात त्याचं कार्ड आलं, 'फोनची सक्ती नाही. लेखी चालेल.'

लेखीच चालायचं त्याला. तो मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होता आणि मी त्याच मंत्रालयाच्या ग्रंथालयात. तोंडी सांगितलेल्या कामाला त्याने कधी हात लावला नाही. मोठे साहेब केबिनमधून काही म्हणाले तरी हा नम्रपणे कागद पुढे सरकवायचा. घरीसुद्धा तेच. कुमुदवहिनींनी भाजी आणायला सांगितली की म्हणायचा, "यादी द्या, सहीनिशी." मला तो 'ग्रंथपाल' म्हणायचा. चाळीस वर्षांत नावाने हाक मारल्याचं आठवत नाही.

त्या पत्रात वर नेहमीप्रमाणे विषय घातलेला होता. रक्तदाबाची गोळी. खाली मजकूर असा:

'गेल्या वर्षी दाब वाढलेला निघाला म्हणून गोळी सुरू झाली. आता काही महिने आकडा अगदी शहाण्यासारखा वागतो आहे. मला काही होत नाही. खरं तर आधीही होत नव्हतं. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, दोन जिने चढतो. तरी डॉक्टर म्हणतो जन्मभर घ्या. जन्मठेपेच्या कैद्याला निदान गुन्हा तरी सांगतात. आमच्या वडिलांनी कधी गोळी खाल्ली नाही. ते गेले अचानक, पण ते सगळ्यांचंच होतं. तू वाचणारा माणूस. चालू ठेवू की बंद करू? प्रकरण आपल्या अभिप्रायासाठी सादर.'

मी हसलो. मग वाचायला बसलो.

मला जे कळायला हवं होतं ते एका दुपारीत कळलं. वाढलेला दाब दुखत नाही, हाच त्याचा धोका. तो आतून काम करतो. मेंदूतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं ताण सोसून कडक होतात, अरुंद होतात, आणि एके दिवशी एखादी बंद पडते किंवा फुटते. गुणवंतचा आकडा शहाण्यासारखा वागत होता तो गोळीमुळेच. गोळी थांबली की आकडा परत आपल्या वळणावर जाणार. 'अचानक' गेलेल्या वडिलांचं कोडंही त्यातच सुटत होतं.

एवढं लिहून टाकायला हवं होतं. मी लिहिलंही. मग वाटलं, आपण डॉक्टर नाही. म्हणून खाली 'परंतु' लिहून एक परिच्छेद वाढवला. मग वाटलं, त्याच्या वडिलांबद्दल लिहिणं बरं दिसत नाही, म्हणून ते खोडलं. दुसऱ्या मसुद्यात औषधांचे प्रकार आले, तिसऱ्यात मीठ, लोणची, पापड. गुणवंत पानात लोणचं भाजीसारखं वाढून घ्यायचा, ते आठवलं. मग मित्राच्या पानात डोकावणारे आपण कोण, असं वाटून तेही काढलं. दिवाळी झाली. चांगल्या डॉक्टरने त्याला स्पष्ट सांगितलेलं आहे, माझ्या दोन ओळींनी त्यात काय भर पडणार, असं मी स्वतःला समजावलं. हे मला फार पटलं. माझ्या शब्दाला वजन नाही हे मला नेहमीच लवकर पटतं.

जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, उत्तराला आशयचा फोन आला. आशय गुणवंतचा मुलगा, नोएडाला एका कंपनीत आहे. गुणवंत आरशासमोर दाढी करत होता. उजव्या हातातून रेझर खाली पडला. कुमुदवहिनी आल्या तर एका गालावर साबण आणि तोंड वाकडं. त्यांना वाटलं नक्कल करतोय. त्याला नकला करायची सवय होती. हसून त्या चहा ठेवायला आत गेल्या.

चहा उकळला तरी तो आला नाही, तेव्हा त्यांनी आशयला उठवलं.

पक्षाघात. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. दाब इतका वर होता की हॉस्पिटलातल्या डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "दवाई कब से बंद है?"

मी भेटायला गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. उत्तरा दर शनिवारी विचारायची, मी दर शनिवारी काहीतरी सांगायचो. शेवटी मार्चमध्ये कुमुदवहिनींनी तिच्याकडे निरोप दिला, "बाबांना घेऊन ये. त्यांच्याशी काम आहे."

गुणवंत उशांना टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर कुणीतरी ठेवून दिल्यासारखा. मला बघून त्याचा अर्धा चेहरा हसला.

"चलो," तो म्हणाला.

"एवढा एकच शब्द उरलाय, काका," आशय म्हणाला. "भूक लागली तरी चलो, राग आला तरी चलो. समजतं सगळं. बोलायला गेले की हेच निघतं."

"इतकी वर्षं घरात हिंदी बोलू नका म्हणून पोरांना ओरडले," कुमुदवहिनी म्हणाल्या. "आणि आता बघा."

गुणवंत डावा हात हलवून हसला. मीही हसलो. मग मी खिडकीबाहेरची वाळत घातलेली चादर बघत राहिलो.

वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्यावर वाटीत कुस्करलेलं केळं होतं.

"ही बघा सकाळची गोळी. कुटून घातली तरी कळतं त्यांना. थुंकून टाकतात. डॉक्टर म्हणाले, दाब असाच राहिला तर दुसरा झटका येईल, आणि त्यातून उठतील याची खात्री नाही." त्या वाटीतलं केळं चमच्याने उगीच सारखं करत राहिल्या. "भावजी, एक विचारू? तुम्हाला त्यांचं पत्र मिळालं होतं ना?"

"हो."

"मला वाटलं पोस्टात गहाळ झालं. तसं असतं तर बरं झालं असतं."

त्यांनी वाटी बाजूला सरकवली.

"पत्र टाकलं त्या दिवशी गोळी बंद केली त्यांनी. मी रोज डबी पुढे करायची, आणि हे रोज म्हणायचे, 'फाईल ग्रंथपालाकडे आहे. अभिप्राय येईपर्यंत कार्यवाही स्थगित.' मी म्हटलं, अहो, डॉक्टर मोठे की भावजी? तर म्हणाले, 'डॉक्टर सगळ्यांना तेच सांगतो. तो मला बघून सांगेल.' दिवाळीनंतर म्हणायला लागले, 'त्याने इतके दिवस लावले म्हणजे त्यालाही खात्री नाही. खात्री असती तर त्याने लगेच लिहिलं असतं.'"

ओट्याच्या कडेला मी हात टेकला. माझं मौन कुणी वाचत असेल हे मला आयुष्यात कधी सुचलं नव्हतं. माझ्या न लिहिलेल्या पत्राचा त्याने अर्थ लावला होता, आणि त्याखाली माझी सही आहे असं समजून चालला होता.

"वहिनी, मी..."

"माफी नका मागू. तिचं मी काय करू?" त्या म्हणाल्या. "त्यांना सांगा. माझं ऐकत नाहीत, आशयचं ऐकत नाहीत."

मी परत खोलीत गेलो, खुर्ची जवळ ओढली.

"गुणवंत, गोळी घे रे."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग डाव्या हाताने हवेत लिहिल्यासारखं केलं, आणि मूठ वळून पलंगावर ठप्पकन आपटली. पोस्टाचा शिक्का.

"लेखी मागतायत," वहिनी दारातून म्हणाल्या. त्यांचा आवाज हसत होता, डोळे नव्हते.

आशयने लगेच प्रिंटरमधला कोरा कागद आणला. "लिहा ना काका, दोन ओळी. मोठ्या अक्षरात. थेरपिस्ट म्हणाल्या, लांब वाक्यं वाचता येत नाहीत आता, छोटं लागतं. दोन-तीन शब्द."

गुणवंतने तो कागद डाव्या हाताने बाजूला सारला. परत हवेत मूठ आपटली, आणि दाराकडे बोट केलं. कागद बाहेरून यायला हवा होता. पाठवलेला, शिक्का मारलेला.

"घरी जाऊन नीट लिहितो," मी म्हणालो.

आशय आपल्या पायांकडे बघू लागला. वहिनी आत निघून गेल्या. गुणवंत माझ्याकडे बघत होता, रागाने नाही, माझी सवय माहीत असलेल्या माणसासारखा.

"चलो," तो म्हणाला आणि त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं.

गाडीत बसल्यावर मी मनात सुरुवात करून पाहिली. 'प्रिय गुणवंत, तुझ्या पत्राला उत्तर द्यायला झालेल्या विलंबाबद्दल...' दुसऱ्या वाक्यात 'परंतु' आला. तो कुठून येतो मला कळत नाही. सिग्नलपाशी डाव्या हाताला पोस्ट ऑफिसची लाल पाटी दिसली.

"उत्तरा, गाडी थांबव."

"आता काय झालं? बरं वाटतंय ना, बाबा?"

"थांबव."

काउंटरवरच्या बाईंनी पोस्टकार्ड शोधायला तीन खण उघडले. "अंकलजी, किसी प्रतियोगिता में भेजना है क्या?"

"नहीं. जवाब है."

मसुदा करायला दुसरा कागद नव्हता, हे बरं झालं. उभ्यानेच, खिडकीच्या कट्ट्यावर कार्ड ठेवून मी मोठ्या अक्षरात लिहिलं: गोळी रोज घे. खाली सही केली, तारीख घातली.

कार्डावर पुष्कळ जागा उरली. त्या जागेत मला खूप काही लिहायचं होतं. मी सहा महिने जे लिहू शकलो नाही ते, आणि त्याच्या साबण लावलेल्या गालाबद्दल, आणि तो माझ्या दोन ओळींसाठी थांबून राहिला त्याबद्दल. पण ते त्याला वाचता आलं नसतं. जे त्याला वाचता येणार होतं तेवढं त्या कार्डावर होतं, आणि ते नवरात्रातही एवढंच होतं.

"बाबा, पाच मिनिटांवर घर आहे त्यांचं," उत्तरा म्हणाली. "परत जाऊन हातात द्या ना. इथून तीन दिवस लागतील."

"हातातलं तो घेणार नाही."

"आणि हे तीन दिवस? फोटो पाठवू कुमुदकाकूंना?"

मी विचार केला. ऑफिसात तातडीचं काम असलं की मूळ कागद रीतसर निघायचा आणि त्याची एक प्रत आधी हातोहात जायची. ते गुणवंतला मान्य असे.

"पाठव. आणि त्याला वाचून दाखवायला सांग. म्हणावं, ही आगाऊ प्रत आहे. मूळ प्रत पोस्टाने निघाली. तोवर हिच्यावर कार्यवाही सुरू करावी."

तिने फोटो काढला. मी पत्ता पुन्हा एकदा वाचला, पिनकोड बरोबर आहे ना ते पाहिलं. मग आणखी एकदा वाचायचा मोह झाला, तो आवरला, आणि बाहेर येऊन कार्ड लाल पेटीत टाकलं.