माझ्या पोटातला माणूस

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे. दोरीच्या पलीकडेच उभे राहा. ज्याच्या तोंडात च्युइंगगम आहे त्याने आणखी दोन पावले मागे सरकावे. माझ्या डाव्या हाताखाली असले पाच-सहा गोळे आधीच चिकटवलेले आहेत, आणि त्यांतला एकही माझ्या परवानगीने चिकटवलेला नाही.

माझा जन्म मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स गावचा. अंगात ओकचे लाकूड, पोटात स्प्रिंगा आणि घोड्याचे केस, वरून हिरवी मखमल. कारागिरांनी मला प्रेमाने घडवले, पण पाठवले कुठे, तर एका दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत. भेदरलेली माणसे घामेजल्या तळव्यांनी माझे हात घट्ट धरून बसायची. त्या घामाची आठवण झाली की मला आजही मळमळते.

पुढे हॉलीवूडच्या एका स्टुडिओने मला विकत घेतले. मला वाटले, सुटलो! कसला सुटतोय? तिथे नायकांच्या केसांचे तेल माझ्या पाठीला, नायिकांची पावडर माझ्या कुशीत, आणि डोळ्यांत घालायचे ग्लिसरिन सगळीकडे. खोट्या अश्रूंचा डाग खऱ्यापेक्षा जास्त चिकट असतो. माझ्यावर किती चुंबने झाली कोण जाणे. त्यांतली बरीचशी जेवणानंतरची होती, एवढेच सांगतो.

मग युद्धाच्या दिवसांत भुताच्या प्रेमकथांचे पीक आले. आमच्या चित्रपटाची गोष्ट अशी : एका मुलीला महत्प्रयासाने भाड्याची खोली मिळते, पण आधीचा भाडेकरू मेला तरी खोली सोडत नाही. तो नाच शिकवणारा मास्तर असतो. दिसत नाही, पण सोफ्यावर बसून तिची थट्टा करतो, आणि शेवटी तिचा जीव त्याच्यावर जडतो.

आता न दिसणारा माणूस सोफ्यावर बसला, हे दाखवायचे कसे? त्यांनी माझे पोट फाडले. स्प्रिंगा उपसल्या, आणि त्या पोकळीत गस लिंडक्विस्ट नावाचा एक आडदांड माणूस झोपवला. गादीच्या आतल्या बाजूला दोरे बांधले होते. त्याने ते हळूहळू ओढले की गादी खाली दबायची आणि वर कोणीतरी टेकल्यासारखे वाटायचे. पाठीचे दोरे ओढले की भूत रेलून बसायचे. गसला दोऱ्यांची कला होती, हे मी नाकबूल करत नाही. पण तो दुपारी सार्डिन मासे आणि कच्चा कांदा घातलेले सँडविच खायचा आणि नंतर चार-चार तास माझ्या पोटात श्वास सोडायचा. शी! एवढा अपमान दंतवैद्याकडेही झाला नव्हता.

भुताची भूमिका रोलँड पेम्बर्टन या बड्या नटाची होती. तो फक्त स्वप्नाच्या प्रसंगात दिसणार होता, बाकी ठिकाणी नुसता आवाज, आणि तोही नंतर भरायचा. अशा वेळी नटाने कॅमेऱ्याशेजारी उभे राहून आपली वाक्ये म्हणायची, म्हणजे समोरच्याला उत्तर द्यायला कोणीतरी मिळते, हा स्टुडिओतला शिरस्ता. पेम्बर्टन मात्र अशी वेळ आली की जेवायला निघून जायचा. नायिका मॅव्हिस लॉकरिज नवखी होती. तिची जागा त्याला आपल्या एका मैत्रिणीला मिळवून द्यायची होती, आणि हे सगळ्यांना ठाऊक होते. त्याची वाक्ये एक कारकून बाई वाचायची, आणि ती भाजीची यादी वाचावी तशी वाचायची.

मॅव्हिस रिकाम्या गादीकडे बघून प्रेमाचे बोलायची आणि ते अगदी पडेल व्हायचे. दिग्दर्शक ऑस्ट्रँडर चिडले.

"मिस लॉकरिज, तिथं तुमचा जीव की प्राण बसलाय! तुम्ही तर न्हावी बोलावल्यासारखं बघताय. आज जमलं नाही, तर उद्या दुसरी मुलगी उभी राहील. मग मला बोल लावू नका." मग ते कारकून बाईकडे वळले. "आणि बाई, तुम्ही गप्प बसा. तिला काय ऐकायचं ते मनात ऐकू दे."

मॅव्हिस माझ्यावर कलंडली. तिच्या डोळ्यांतून खरे पाणी गळून माझ्या मखमलीवर पडले. मला किळस आली, आणि वाईटही वाटले.

तेवढ्यात माझ्या पोटातून अगदी हळू आवाज आला, "रडू नका हो. पावडर निघेल."

ती दचकली. आत माणूस असतो हे तिला ठाऊक होते, पण तो आजवर कधी बोलला नव्हता. "कोण?"

"भूत. गस म्हणतात मला. तुमचं वाक्य म्हणा, मी उत्तर देतो. त्याची सगळी वाक्यं मला पाठ आहेत, इथं पडून दुसरं करायचं काय?"

कॅमेरा सुरू झाला. गस घोड्याच्या केसांआडून इतके हळू बोलत होता, की वर लटकलेल्या माइकलाही ते पोहोचत नव्हते. पण मॅव्हिसला ऐकू येत होते. ती हसली, चिडली, लाजली. शेवटच्या वाक्याला तिने दबलेल्या गादीवर हात ठेवला, आणि साऱ्या स्टुडिओत कोणी खोकले नाही. त्या क्षणी कांदा मीही विसरलो.

ऑस्ट्रँडर म्हणाले, "असंच आणखी एकदा. दिवे नीट लावून घ्या."

तेवढ्यात पेम्बर्टन जेवून परतला. ढेकर देत, सिगार फुंकत तो आला आणि धप्पकन माझ्यावर बसला. भुताच्या प्रसंगांना तो कधी थांबलेलाच नव्हता. गादी दबते कशी, हे त्या एकट्यालाच माहीत नव्हते.

"काय गं पोरी," तो म्हणाला, "बोचकं बांधलंस का? उद्या तुझी सुट्टी."

खालून आवाज आला, "साहेब, उठा. जीव गुदमरतोय माझा."

मित्रांनो, भुताचे काम करणारा तो नट असा किंचाळला म्हणता! दिवा पाडून, खुर्ची ओलांडून तो थेट दाराशी पोहोचला. सगळे पोट धरून हसले. मग गसला बाहेर ओढला. मिशीत घोड्याचे केस, सदरा घामाने चिंब. मला त्याची लाज वाटली.

पेम्बर्टन दारातूनच ओरडला, "हा आत पडून बडबडतो? हाकला याला! एक तर हा राहील, नाही तर मी!"

मॅव्हिस उठली. तिची जागा नुकतीच वाचत आली होती, गप्प बसली असती तर खपले असते. ती म्हणाली, "हा आत नसेल, तर मी कुणाकडे बघून बोलू? मग उद्याची मुलगी आजच बोलवा."

ऑस्ट्रँडर यांनी तिघांकडे पाहिले. मग शांतपणे म्हणाले, "रोलँड, तू तर दिसतच नाहीस, आणि आवाज तुझा नंतर घ्यायचाय. तू आणखी थोडं जेवून ये. गस, चल, आत."

चित्रपट फार चालला. लोकांनी पेम्बर्टनला डोक्यावर घेतले. 'न दिसताही किती हळुवार बसतो,' असे एका वर्तमानपत्राने छापले. ते वाचून माझ्या उरल्यासुरल्या स्प्रिंगा कुरकुरल्या. पुढे मी वर्षानुवर्षे गोदामात पडलो. कसर लागली, उंदरांनी संसार थाटले. मॅव्हिस आणि गस यांचे पुढे काय झाले, हे मला विचारू नका, मला कोणी सांगितले नाही. आता संग्रहालयाच्या या दालनात मला दोरीआड ठेवले आहे आणि पितळी पाटी लावली आहे : 'या सोफ्यावर रोलँड पेम्बर्टन बसत असत.' बसत असत म्हणे! एकदाच बसला, आणि बोंबलत पळाला.

म्हणून एक विनंती आहे. पाटीशेजारी उभे राहून फोटो काढा, मी सहन करीन. पण कधी कोणी मला दुरुस्तीला उलटे केलेच, तर आत एक लहानशी निळी उशी दिसेल. दुसऱ्या दिवशी मॅव्हिसने ती घरून शिवून आणली होती, कारण घोड्याचे केस गसच्या मानेला टोचायचे. तोंडाला रंग लावून, अंगात रेशमी झगा घालून ती धुळीत पालथी झाली आणि तिने ती आपल्या हाताने आत सरकवली. उशी आता मळली आहे, कुबट झाली आहे, आणि एरवी असली वस्तू मी पोटात ठेवून घेतली नसती. माझी मखमल बदला, हात बदला, पाटीही बदला. त्या उशीला मात्र कोणी हात लावू नका.